ब्रेम गाव पाहायचं कसं: आधी चढण, मग ग्लास

ब्रेमला मी पहिल्यांदा गेले ती गाडीने. डोंगरमाथ्याजवळ गाडी लावली, क्रॉसपाशी उभं राहून खालच्या नदीच्या वळणाचा फोटो काढला आणि अर्ध्या तासात परत फिरले. फोटो सुंदर आला, पण गाव मात्र पाहायचं राहूनच गेलं. त्यानंतर बऱ्याच वेळा गेले, घरच्या पाहुण्यांना घेऊन गेले, आणि आता एक क्रम ठरून गेला आहे. तोच सांगते.

ब्रेम हे जर्मनीच्या ऱ्हाइनलांड-फाल्झ राज्यातलं मोझेल नदीकाठचं छोटं गाव. गावामागे जो डोंगर उभा आहे तो कालमोंट, युरोपातला सर्वांत तीव्र उताराचा द्राक्षमळा म्हणून ओळखला जाणारा. उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो. म्हणजे एक मीटर पुढे सरकायचं तर दोन मीटरांहून जास्त वर चढायचं. हा आकडा वाचून काही कळत नाही, पायांना मात्र लगेच कळतं. म्हणून पहिली गोष्ट: गाडी आणू नका, आणि ब्रेममध्ये थेट उतरूही नका.

कोब्लेंत्सहून ट्रिअरकडे जाणारी साधी लोकल गाडी पकडा. जलद गाड्या या छोट्या स्थानकांवर थांबत नाहीत. कोखेम सोडलं की गाडी ४,२०५ मीटर लांबीच्या बोगद्यात शिरते. हा कायझर विल्हेल्म बोगदा १८७९ सालचा. नदी इथे इतकी वळसे घेत जाते की रेल्वेला डोंगरच फोडावा लागला. बोगद्यातून बाहेर आलात की लगेच एडिगर-एलर स्थानक. इथे उतरा. कालमोंटच्या उतारावरून जाणारी पायवाट एलरहून निघते आणि ब्रेममध्ये उतरते. गावात शिरायचं ते या वाटेने.

वाटेबद्दल स्पष्ट सांगते. काही ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत, खडकात ठोकलेल्या पायऱ्या आहेत, धरायला पोलादी दोर आहेत. दोन्ही हात मोकळे हवेत, त्यामुळे सामान पाठीवरच्या पिशवीत. बुटांचा तळ खाचांचा हवा. पावसानंतर इथला पाटीचा दगड साबणासारखा निसरडा होतो, तेव्हा जाऊच नका. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, कारण दक्षिणेकडे तोंड असलेल्या या उतारावर सावली जवळजवळ नाही. माणशी दीड लिटर पाणी तरी हवंच. दरडीमुळे वाट कधी बंद ठेवतात, ते आदल्या दिवशी पाहून घ्या. उंचीवर भोवळ येत असेल तर नदीकाठच्या सपाट रस्त्याने चालत या. त्यात काही कमीपणा नाही, तिथून मान वर करून पाहिलं तरी हा उतार छातीत धस्स करतो.

चालताना घाई करू नका. सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे ते इथेच.

मी द्राक्ष बागायतदाराची मुलगी. वडिलांची बाग सपाट जमिनीवर, तारांच्या मांडवावर. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे इथली वेल पाहून मी थबकलेच. इथल्या जुन्या मळ्यांत मांडव नाही, तार नाही. प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब, आणि दोन काड्या वाकवून खांबाला अशा बांधलेल्या की बदामाचा आकार होतो. कारण सरळ आहे: तारा ओढल्या तर माणसाला आडवं जाता येत नाही, आणि अशा उतारावर आडवं जाता आलं नाही तर कामच होत नाही. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत, वेल झोपलेली असताना. वेलींच्या मधून कोणतंही यंत्र चालवता येत नाही. छाटणी, बांधणी, पानं काढणं, तोडणी, सगळं हाताने.

आता जमिनीकडे बघा. माती दिसतच नाही, करड्या-निळ्या पाटीच्या दगडाच्या चिपा दिसतात. ऊन उतरल्यावर एक चीप हातात घ्या, ती अजून कोमट असते. दिवसभर साठवलेली ऊब हा दगड रात्री वेलीला परत देतो. ब्रेम ५० अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या शेवटी इथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर असतो. सपाट शेतावर ते ऊन तिरकं पसरतं, पण ५० अंशांच्या उतारावर तेच ऊन काटकोनात येऊन आदळतं. रीसलिंग हे उशिरा पिकणारं द्राक्ष इतक्या उत्तरेला का पिकतं, त्याचं उत्तर तुम्ही अक्षरशः पायाखाली तुडवत असता.

दगडी बांधांवरही थोडा वेळ द्या. चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड बसवून रचलेले हे बांध. एखादा ढासळला तर वरच्या वेली खाली येतात, आणि तो पुन्हा रचायचा तोही हातानेच. फटींमध्ये पाली ऊन खात बसलेल्या दिसतील. मोझेलच्या या खालच्या खोऱ्यात अपोलो नावाचं पांढरं, लाल ठिपक्यांचं फुलपाखरूही आहे. जूनमध्ये नशीब असेल तर दिसतं. मधूनच उतारावरून दात असलेला एकच लोखंडी रूळ वर गेलेला दिसेल. त्यावरून इंजिनाची छोटी गाडी माणसं आणि द्राक्षं वाहते. ती येण्याआधी सगळा माल पाठीवर यायचा. बांधावर चढून बसू नका, आणि घड कितीही समोर लोंबत असला तरी तोडू नका. त्या एकेका घडामागे कोण कसं चढलंय, ते तुम्ही आत्ताच पाहिलेलं असतं.

ब्रेममध्ये उतरलात की गाव पाहायला तास पुरतो: पाटीच्या दगडाची छपरं, लाकडी चौकटींची घरं, संत लॉरेंटियसचं चर्च. मग पोटाकडे बघा. दारावर झाडू किंवा हिरव्या फांद्यांचा हार टांगलेला दिसला की ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या घरी मांडलेली तात्पुरती वाइनची बैठक. तिचे नियम ठरलेले आहेत: फक्त स्वतःची वाइन, साधं जेवण, जास्तीत जास्त ४० जागा, वर्षातून चार महिने. शक्य असेल तर तिथेच बसा, कारण ग्लास समोर ठेवणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो ज्याने ती वेल बांधली. नोव्हेंबरनंतर बरंच काही बंद असतं, म्हणून मे ते ऑक्टोबरमध्ये जा. रविवारी दुकानं उघडी नसतात. रोख युरो जवळ ठेवा.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. एकदा ऐन तोडणीत, भर दुपारी एका घराची बेल वाजवून चव बघायला मिळेल का विचारलं. बाई दारात आल्या त्या चिकट हातांनी, बूट चिखलाने भरलेले. त्या सौजन्याने बोलल्या, मला मात्र फार लाजल्यासारखं झालं. तोडणीच्या दिवसांत आधी फोन करून संध्याकाळची वेळ मागून घ्या.

बाटलीवरचं वाचायला शिका. 'ब्रेमर कालमोंट' म्हणजे ब्रेम गावचा कालमोंट मळा. 'गुट्सआबफ्युलुंग' म्हणजे पिकवणाऱ्यानेच स्वतःकडे भरलेली बाटली. 'ट्रोकन' कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली, 'हाल्बट्रोकन' अर्धी कोरडी; 'फाइनहर्ब'ला कायद्यात ठरलेली मर्यादा नाही, साधारण त्याच आसपासची, किंचित गोडसर. 'काबिनेट', 'श्पेटलेझ', 'आउसलेझ' हे शब्द बाटलीतली गोडी सांगतात असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ते तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात साखर किती होती ते सांगतात, आणि या दर्जाच्या वाइनमध्ये वरून साखर घालायला परवानगी नाही. गोडीचा अंदाज घ्यायचा असेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. ८ टक्के असेल तर साखर बरीच शिल्लक आहे, १२ च्या पुढे असेल तर बहुतेक कोरडी. चव घेताना कोरडीपासून गोडीकडे जा, उलट गेलात तर कोरडी नुसती आंबट लागते. थुंकायला भांडं असतं, ते वापरणं अपमान नाही. चार-पाच चवी घेतल्या तर दोन बाटल्या तरी विकत घ्या.

परतीला एलरकडे जाऊ नका. नेफच्या पुलावरून पलीकडे जा आणि वळणाच्या आतल्या जमिनीच्या जिभेवर उभ्या असलेल्या श्टुबेन मठाच्या भिंतींपर्यंत चाला. ११३७ साली स्थापन झालेला हा ख्रिस्ती जोगिणींचा मठ. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) लुटलं गेलं, तिथून हाइनरिश फोन उल्मेन या सरदाराने आणलेली येशूच्या क्रुसाचं मानलं जाणारं लाकूड ठेवलेली मौल्यवान पेटी १२०८ साली त्याने या मठाला दिली. ती आज लिम्बुर्गमध्ये आहे. इथे उरल्यात छप्पर नसलेल्या भिंती आणि गवत. पण समोर, नदीपलीकडे, सगळा कालमोंट एका नजरेत येतो: सकाळची वाट, बांध, तो एकटा रूळ, खाली काठाला चिकटलेलं गाव. मधे मधे झुडपांनी भरलेले हिरवे पट्टेही दिसतील. ते सोडून दिलेले मळे. राबायला माणूस उरला नाही की डोंगर ते परत घेतो.

नेफ स्थानकावरून कोब्लेंत्सची गाडी पकडा आणि डावीकडच्या खिडकीत बसा. छोटा बोगदा संपला की गाडी पुलावर येते आणि काही क्षण तो उतार पुन्हा समोर उभा राहतो. संध्याकाळ असेल तर खालचे बांध सावलीत गेलेले असतात, आणि वरच्या वेलींवर अजून ऊन असतं.