खाऱ्या वाऱ्यात टिकणारे स्पोक कसे निवडावेत

किनाऱ्यावरच्या सायकलचे स्पोक एकतर गंजून जातात, नाहीतर हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) बेंडपाशी तुटतात. जाड स्पोक घेऊन यातले काहीच टळत नाही. 13 गेजच्या जाड स्पोकला तर निपलही (रिमपाशी स्पोक घट्ट करणारे छोटे नट) वेगळे शोधावे लागते. 14 गेज, म्हणजे 2 मि.मी., पुरेसा आहे. पैसे धातूवर घाला.

जी.आय. (जस्ताचा थर दिलेला पोलादी) स्पोक सगळ्यांत स्वस्त. पण मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत त्यावर आधी पांढरी भुकटी धरते, म्हणजे जस्ताचा थर संपत चालला. मागोमाग तांबूस गंज येतो. क्रोमचा स्पोक चकचकीत दिसतो, पण इथे तो घेऊच नका. क्रोमच्या थराला नजरेत न येणाऱ्या भेगा असतात, त्यांतून खारे पाणी आत शिरते आणि वरून चकाकी असताना आतले पोलाद खाल्ले जाते.

स्टेनलेस घ्या, शक्यतो 304 प्रतीचे. दुकानात लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर बहुधा मुलामा दिलेले साधे पोलाद. हलकी ओढ लागली तर घाबरू नका, तार ओढताना स्टेनलेसलाही तेवढे चुंबकत्व येते.

खिसा आखडता असेल तर मागचे चाक पूर्ण स्टेनलेसचे करा आणि पुढे जी.आय. चालवा. स्वाराचे वजन, कॅरिअरवरची माशांची पाटी आणि चेनची ओढ, बहुतेक सगळे मागच्या चाकावर येते. जुन्या काळ्या सायकलला मागे 40 आणि पुढे 32 स्पोक असतात, त्यामुळे बचत बऱ्यापैकी होते. निपल मात्र दोन्हीकडे पितळीच. ॲल्युमिनियमचे निपल खाऱ्या हवेत भुसभुशीत होते आणि पाना लावला की कडा झडतात.

लांबी मोजताना जुना स्पोक सरळ धरा आणि बेंडच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मापा. गिअरच्या सायकलला मागे फ्रीव्हीलकडचे (चेनच्या बाजूचे) स्पोक बहुधा एक-दोन मि.मी. आखूड असतात, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. स्पोकचे टोक निपलच्या खाचेच्या तळापर्यंत यायला हवे. आखूड राहिला तर निपलचे डोके तुटते, लांब झाला तर ट्यूबला टोचतो.

चाक आगोटीलाच, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, बांधून घ्या. आट्यांना जवसाचे तेल लावा: सुरुवातीला आटे सहज फिरतात, सुकल्यावर निपल सैल होत नाही. हबची चकती पातळ असून बेंड हलत असेल तर स्पोकच्या डोक्याखाली पितळी वायसर घाला. ताण आल्यावर शेजारचे दोन-दोन समांतर स्पोक मुठीत घट्ट दाबा, कटकट आवाज येईल, मग पुन्हा आऊट काढा, म्हणजे चाकाची वाकडी फिरत सरळ करा. एका बाजूचे स्पोक बोटाने छेडून बघा. बद्द वाजणारा ढिला असतो. ढिला स्पोक प्रत्येक फेऱ्याला सैल-ताठ होत बेंडपाशी थकतो आणि तुटतो. दोष मात्र ओझ्याला दिला जातो.

एकाच बाजूचा दुसरा स्पोक तुटला की ती सगळी बाजू बदला. बाकीचेही तेवढेच थकलेले असतात. पुळणीवरून सायकल आणली की हब आणि निपलांवर गोडे पाणी ओता, जोराची धार मात्र बेअरिंगवर मारू नका.