नवा कर्नल चढवण्याआधी जुन्याची सोय

डेबियन किंवा उबुंटूवर स्वतः बांधलेला लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) चढवायचा असेल, तर कंपाइल करायच्या, म्हणजे सोर्स कोडमधून बांधायच्या, आधी जुन्यावर परत कसं यायचं ते ठरवा. ‘युनेम -आर’ने चालू कर्नलचं नाव बघून ठेवा आणि नवा रुळेपर्यंत हा जुना काढू नका. लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच लिनक्स चालतं तो) तयार ठेवा, त्यावरून मशीन खरंच सुरू होतं का तेही बघा. बॅकअप तर हवाच.

कॉन्फिगसाठी, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं ते ठरवायला, ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरणार असाल तर जरा थांबा. ते फक्त त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवतं. म्हणून वेबकॅम, वायफाय डोंगल, पेनड्राइव्ह सगळं आधी जोडा, नाहीतर नव्या कर्नलला पेनड्राइव्हच दिसायचा नाही. लोकलव्हर्जनमध्ये (कर्नलच्या नावाला जोडायच्या शेपटीत) वेगळी खूण घाला, म्हणजे जुन्यावर नवा लिहिला जाणार नाही. बूटचं पार्टिशन (कर्नलच्या फायली असतात तो डिस्कचा भाग) वेगळं असेल तर मोकळी जागा मोजा. डीबग सिम्बॉल्ससकट (चुका शोधायच्या जादा माहितीसकट) मॉड्यूल्स गेली की इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल, भलतीच फुगते. ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ दिलं की ती आटोक्यात येते.

सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेला कर्नल सुरूच होत नाही. स्वतःची की नोंदवून सही करा, किंवा ते बंद करा. शेजारी बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) लावलेलं विंडोज असेल तर मात्र रिकव्हरी की आधी हाताशी हवी, कारण या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधला गेला का, हे ‘डीकेएमएस स्टेटस’ सांगतं.

पहिल्या बूटला नव्या कर्नलला डिफॉल्ट करू नका, हे माझं ठाम मत. ग्रबमध्ये (बूटच्या वेळी कर्नल निवडणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ ठेवा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा, जुना कर्नल ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने नेमा आणि नवा ‘ग्रब-रीबूट’ने एकदाच निवडा. नव्याच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ जोडा: पॅनिक झाला (कर्नल कोलमडला) तर १० सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होऊन जुन्यावर येतं. दूरच्या सर्व्हरला तर हे हवंच. पण बूट एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर (डिस्क मांडायच्या दोन पद्धतींवर) असेल तर ग्रबला ती एकदाची निवड पुसता येत नाही, आणि मशीन नव्यावरच फिरत राहतं. शिवाय नुसतं गोठलेलं मशीन पॅनिक होतंच असं नाही. तिथे रिमोट कन्सोल किंवा पॉवर बटणापाशी माणूस लागतो.

सुरू झालं तर जुन्या आणि नव्या ‘डीमेसेज’मधल्या (कर्नलच्या संदेशांमधल्या) एररची तुलना करा, नेटवर्क, आवाज बघा आणि लॅपटॉप झोपवून उठवा. बिघडलं तर जुन्यावर येऊन ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने मागच्या बूटचा कर्नल लॉग वाचा. बूट फार लवकर अडकलं असेल तर तिथे काही सापडणार नाही, स्क्रीनचा फोटोच काढावा लागेल.