गाडी नवी केली आणि सेल्फ घेईना? या चुका टाळा

मे महिन्याचा शेवट, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागलेला, आणि नागपूरच्या धरमपेठेत रस्त्याच्या कडेला आमची १९७६ची अँबॅसेडर उभी. दोन महिन्यांपूर्वीच तिचं सगळं काम झालं होतं. पत्रा, रंग, नवं वायरिंग, नवी सीट कव्हरं. चाबी फिरवली की फक्त एक ‘टक्’, पुढे काही नाही. दिवे मात्र लख्ख.

मी नवी बॅटरी घेतली. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, खाली उतरवून कार्बन बदलले, बुश बदलले. पुन्हा तेच. एका संध्याकाळी मी सेल्फ मारत होतो आणि धाकटा भाऊ शेजारी बसून चोक ओढून धरत होता. तो एकदम म्हणाला, “दादा, चोकची तार तापून राह्यली ना!” खरा दोष तिथे सापडला. आधीचा सगळा खर्च फुकट गेला होता. तुमचा तसा जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

सर्वांत मोठी चूक: रंगावर अर्थ (अर्थिंग) बसवणं

बॅटरीच्या एका टोकाची तार बॉडीला असते, करंटची ही परतीची वाट म्हणजे अर्थ. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक जाड पट्टी असते, ती अर्थ पट्टी. इंजिन उतरवताना ती सुटते. बसवताना ती राहून जाते, किंवा नव्या कोऱ्या रंगावरच बोल्ट आवळला जातो. आमच्याकडे दुसरा प्रकार होता. रंग कितीही सुंदर असला तरी विजेसाठी ती भिंत आहे. पावडर कोटिंग तर त्याहून पक्की.

सेल्फला फिरताना साधारण १०० ते २०० अँपिअर लागतात. पट्टीतून वाट मिळाली नाही की करंट दुसरी वाट शोधतो: चोकची तार, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. या तारा बारीक, त्या तापतात आणि सेल्फ उपाशी राहतो. दिव्यांना अगदी थोडा करंट पुरतो, म्हणून ते लख्ख दिसतात आणि आपण फसतो. दिवे लागतात म्हणून बॅटरी आणि अर्थ ठीक, हा निष्कर्ष काढू नका.

उपाय सोपा आहे. बॅटरीची तार बॉडीला लागते ती जागा आणि इंजिनच्या पट्टीची दोन्ही टोकं, एवढ्या ठिकाणी पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग बोल्ट असं करू नका. नव्या रंगावर पेपर मारायला जीवावर येतं, मला कळतं. पण नाण्याएवढीच जागा आहे, आणि ती वॉशरखाली झाकली जाते.

न मोजता पार्ट बदलणं

साधा मल्टिमीटर घ्या आणि २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्ट असेल तर ती बरीच उतरलेली आहे, आधी चार्ज करा. मग कॉइलची (स्पार्कला वीज देणारी) बारीक तार काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ अडकून जास्त करंट ओढतो आहे.

बॅटरी टिकली आणि तरी सेल्फ मंद, तर पुढची तपासणी. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थमध्ये. मग बॅटरीच्या दुसऱ्या खुंटीपासून सेल्फवरच्या जाड तारेच्या बोल्टपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. आमच्या अर्थच्या बाजूला साडेतीन व्होल्ट गायब होत होते! दहा मिनिटांचं काम, आणि मी ते दोन महिने केलं नाही.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर आर्मेचर (सेल्फचा आतला फिरणारा भाग) जळेल.

आवाज नीट न ऐकणं

एकच जोरदार ‘टक्’ म्हणजे सोलेनॉइड (सेल्फचा जाड करंट जोडणारा विजेचा स्विच) ओढतो आहे, पण सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही, किंवा पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) अडकली आहे. ‘टकटकटकटक’ म्हणजे बहुधा उतरलेली बॅटरी किंवा सैल टर्मिनल. अगदी शांतता म्हणजे इग्निशन स्विच, त्याची बारीक तार किंवा सोलेनॉइड. आणि सेल्फ नुसताच घोंघावतो, इंजिन फिरत नाही, तेव्हा बेंडिक्सवर (पिनियन पुढे सरकवणारा भाग) धूळ आणि चिकटा बसलेला असतो. ती रॉकेलने धुऊन सुकवा, पण वर जाड ऑइल किंवा ग्रीस थापू नका. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत ते महिनाभरात लेपासारखं होतं.

पिनियन इंजिनच्या दातेरी रिंगमध्ये अडकली असेल तर चाबी बंद करा, टॉप गिअर टाका आणि गाडी पुढे-मागे हलवा. अनेक जुन्या सेल्फच्या मागच्या टोकाला टोपीखाली चौकोनी शाफ्ट असतो, तो पान्याने फिरवूनही पिनियन सुटते. हातोडीने सेल्फ ठोकायची सवय मात्र सोडा.

जाड दिसणारी तार आणि उलटी बॅटरी

बॅटरीची तयार केबल विकत घेताना बाहेरचं प्लास्टिक पाहू नका, कापलेल्या टोकात तांबं किती आहे ते पाहा. जुनी जीप मूळच्या ६ व्होल्टवर ठेवली असेल तर तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो. तिथे १२ व्होल्टच्या गाडीची केबल घालणं म्हणजे सेल्फचा गळा दाबणं.

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या कितीतरी गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. सवयीने निगेटिव्ह बॉडीला जोडाल तर डायनॅमोची (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गडबड होईल आणि कुणी नंतर बसवलेला रेडिओ जळेल. आधी खात्री करा, मग बॅटरी ठेवा. काढताना बॉडीची तार सर्वांत आधी, लावताना सर्वांत शेवटी.

नागपूरचं ऊन

पारा ४५च्या वर गेला की इंजिनशेजारचा सेल्फ भट्टीत असल्यासारखा तापतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. पन्नास अंश जास्त तापलेल्या वायरीत तो पाचव्या भागाने वाढला, म्हणजे सकाळी कसाबसा चालणारा अर्थ दुपारी हात वर करतो. सकाळी चालते आणि सीताबर्डीत पेट्रोल भरून पुन्हा सुरू होत नाही, ही तक्रार असेल तर आधी वरची मोजणी करा, तीही गरम गाडीवर. या दिवसांत बॅटरीचं पाणी दर पंधरा दिवसांनी पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्लेटा बुडतील एवढंच.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही, तर सेल्फच्या मागे लागू नका. उन्हाने पेट्रोलची वाफ झाली असेल. फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवून थोडं थांबा. तरीही नाही, तर स्पार्क पाहा. पॉइंटची (स्पार्कसाठी उघडझाप करणारा स्विच) गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, नव्या पॉइंटवरचा तेलकट थर पुसायचा असतो. जुना कंडेन्सर चांगला चालत असेल तर केवळ जुना म्हणून फेकू नका.

शेवटचा मुद्दा डायनॅमोचा. तो सिग्नलवर उभ्या गाडीत जवळजवळ चार्ज करत नाही. धरमपेठ ते सदर दिवे लावून केलेल्या फेऱ्यांनी बॅटरी उतरतच जाते. महिन्यातून एकदा रामटेकपर्यंत गाडी न्या. तरीही चार्ज होत नसेल तर कटआऊटच्या (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) अर्थची तार तपासा, तीही बहुतेक रंगावरच बसवलेली सापडेल.

आमच्याकडे पट्टीची जागा घासल्यावर साडेतीन व्होल्टचे ०.१५ झाले आणि भर दुपारी गाडीने पहिल्या झटक्यात सेल्फ घेतला. चोकची तार मात्र बदलावी लागली, तिचं आवरण आतून वितळलं होतं. तुमच्या गाडीत असं झालं असेल आणि ॲक्सिलरेटरला केबल असेल, तर रस्त्यावर नेण्याआधी ती काढून पाहा. दाबलेली केबल परत आली नाही तर गाडी थांबवणं अवघड होईल.