दडपणात कप्तानी: मैदानावरचे धडे ऑफिसात आणताना या चुका टाळा

टार्गेट हुकायची चिन्हं दिसू लागली की बैठकीत हमखास कोणीतरी २०११ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला धोनीचा षटकार काढतो. मग साहेब जाहीर करतात, 'आता मीच पुढे येतो', आणि दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक ग्राहकाच्या फोनवर, प्रत्येक ईमेलच्या सीसीमध्ये.

षटकार सगळ्यांना आठवतो. खरा निर्णय मात्र त्याच्या बराच आधी झाला होता. २७५ चा पाठलाग, ११४ वर कोहली तिसरा बाद, एका टोकाला डावखुरा गंभीर, श्रीलंकेचा ऑफस्पिनर मुरलीधरनची षटकं अजून बाकी. पुढचा युवराज जबरदस्त फॉर्मात होता, पण तोही डावखुरा. धोनीला डावी-उजवी जोडी हवी होती, आणि आयपीएलमध्ये एकाच संघात असल्यामुळे मुरली त्याच्या चांगला ओळखीचा होता. म्हणून तो स्वतः आला आणि ७९ चेंडूंत नाबाद ९१ करून गेला. त्यात धाडस होतंच, पण मुळात ती जुळवाजुळव होती: समोर काय आहे, आणि त्याला आपल्याकडचं कोण पुरं पडेल? उद्या साहेबांनी हाच हिशेब मांडला, तर उत्तर कदाचित 'मी बाहेर बसतो' असं येईल.

दडपणातल्या नेत्याच्या बऱ्याच चुका एकाच खोडीतून येतात, असं माझं मत आहे. आपण काहीतरी करतोय हे चारचौघांना दिसलं पाहिजे, ही ती खोड.

चूक: काहीच सुचत नाही, म्हणून उडी मारणे

फुटबॉलमध्ये पेनल्टी किकच्या वेळी गोलकीपर काय करतो ते आठवा. डावीकडे नाहीतर उजवीकडे झेप. इस्रायली संशोधकांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गोलकीपर मधोमध उभा राहिला तो जेमतेम ६ टक्के वेळा, आणि चेंडू मात्र जवळपास २९ टक्के वेळा मध्यातच आला होता. मग उडी का? उडी मारून गोल झाला तर 'प्रयत्न तरी केला' म्हणतात. उभं राहून गोल झाला तर 'हा काय पुतळा होता का?' (उद्यापासून सगळे गोलकीपर उभे राहिले तर खेळाडूही कोपऱ्यात मारू लागतील, हे खरंच. मुद्दा उडीमागच्या कारणाचा आहे.)

ऑफिसातली उडी ओळखायची खूण सोपी आहे. विक्री घसरल्याच्या आठवड्यातच टीमची फेररचना, नवं सॉफ्टवेअर, रोज सकाळी नऊची रिव्ह्यू मीटिंग. विक्री का घसरली हे अजून कोणालाच कळलेलं नसतं, आणि कळायला वेळही उरत नाही, कारण सगळे नऊच्या मीटिंगची स्लाइड बनवत बसलेले असतात.

असं होत असेल तर निर्णयाआधी एक ओळ कागदावर लिहा: 'शुक्रवारपर्यंत काहीच केलं नाही, तर नेमकं काय बिघडेल?' उत्तर ठोस असेल तर खुशाल उडी मारा. 'लोक काय म्हणतील' याखेरीज उत्तरात काही नसेल, तर शुक्रवारपर्यंत माहिती गोळा करा, आणि आपण थांबलो आहोत व का थांबलो आहोत हे टीमला उघड सांगा. न सांगता थांबलात तर लोकांना वाटतं, साहेबांनी हातपाय गाळले.

चूक: उत्तम खेळाडूलाच कप्तान करणे

सगळ्यात जास्त विक्री करणारा माणूस विक्रीचा मॅनेजर होतो. मग कंपनीचा चांगला विक्रेता जातो आणि पदरात एक वैतागलेला मॅनेजर पडतो.

इयन बोथम १२ कसोटींत इंग्लंडचा कर्णधार होता, विजय शून्य. त्यातल्या नऊ कसोटी त्या काळच्या वेस्ट इंडिजविरुद्ध होत्या, त्यामुळे सगळं खापर त्याच्या माथी फोडू नये. पण त्याचा स्वतःचा खेळही आटला होता. १९८१ मध्ये लॉर्ड्सला दोन्ही डावांत शून्यावर बाद झाल्यावर त्याने कर्णधारपद सोडलं आणि जुना कप्तान माइक ब्रेअरली परत आला. ब्रेअरलीच्या नावावर ३९ कसोटींत एकही शतक नाही, सरासरी २३ च्याही आत. पुढच्याच सामन्यात, हेडिंग्लेला, फॉलोऑन मिळालेल्या (म्हणजे मागे पडून लगेच दुसरा डाव खेळावा लागलेल्या) इंग्लंडकडून मोकळा झालेला बोथम नाबाद १४९ करून गेला. ऑस्ट्रेलियाला १३० हवे होते. ब्रेअरलीने बॉब विलिसचं गोलंदाजीचं टोक बदललं, विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं.

माणसं जवळपास तीच होती. एकाच्या डोक्यावरचं ओझं काढलं, दुसऱ्याला योग्य टोक दिलं.

तुमच्याकडे बढतीनंतर कोणी कोमेजला असेल, रात्री अकराला टीमचे ईमेल दुरुस्त करत बसत असेल, तर त्याला नेतृत्वाच्या आणखी एका प्रशिक्षणाला पाठवण्याआधी विचारा: जुनं काम परत हवंय का? मात्र ते विचारायचं तर परतीची वाट पगार आणि मान राखून करून ठेवावी लागते. बहुतेक कंपन्यांत ती नसते, म्हणून कोणी विचारतही नाही आणि कोणी 'हो' म्हणतही नाही.

चूक: 'त्याला कळलंच असेल'

१७ जून १९९९, एजबॅस्टन, क्रिकेट विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात ९ हव्या, शेवटची जोडी मैदानात. क्लूसनरने पहिल्या दोन चेंडूंवर चौकार मारले. धावसंख्या बरोबरीत, चार चेंडूंत एक धाव. तिसऱ्या चेंडूवर समोरचा डोनल्ड धावचीत होता होता वाचला. चौथ्यावर क्लूसनर चेंडू मारून सुसाट निघाला. डोनल्डचं लक्ष चेंडूवर. तो क्रीजकडे वळलेला. भागीदार अंगावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, तोवर हातातली बॅट निसटली होती. डोनल्ड धावचीत, सामना टाय, आणि आधीच्या 'सुपर सिक्स' फेरीत वर असल्यामुळे ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत. दोन चेंडू शिल्लक होते!

आदल्याच चेंडूवर धोक्याची घंटा वाजली होती. घाई वाढते तशी बोलणी आखूड होतात, आणि नेमकी तेव्हाच ती लांबवायची असतात. उपाय अगदी साधा आहे, म्हणूनच कोणी करत नाही: सूचना दिल्यावर समोरच्याकडून ती त्याच्या शब्दांत परत ऐका. 'कळलं ना?' असं विचारू नका, त्याला सगळेच 'हो' म्हणतात. 'आता तू पहिलं काय करणार?' असं विचारा.

चूक: भाषणावर भरवसा

८ जुलै २०१४ ला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलचे खेळाडू राष्ट्रगीताला जखमी नेमारची जर्सी हातात धरून उभे होते. भावना ओसंडून वाहत होत्या. निलंबित कर्णधार थियागो सिल्वाविना बचावफळी मात्र विस्कळीत झाली. २३ व्या ते २९ व्या मिनिटात जर्मनीने चार गोल केले, शेवटी १-७.

उलट बाजूला २००५ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेची, फायनल. मध्यंतराला लिव्हरपूल ०-३ मागे. प्रशिक्षक बेनिटेझने फिननला काढून हामानला आणलं, मागे तीन बचावपटू ठेवले. ५४ ते ६० मिनिटांत तीन गोल, मग पेनल्टींवर विजय. नशिबाचा वाटा होताच. तरी संकटाच्या बैठकीतून बाहेर पडताना टीमच्या हातात 'आता रचना अशी, तू इथे, तू तिथे' एवढं असलं, तर भाषण दोन वाक्यांत आवरलं तरी चालतं.

चूक: 'मला फक्त निकाल सांगा'

मार्च २०१८, केपटाउन, ऑस्ट्रेलियाने सँडपेपरने चेंडू कुरतडायचा प्रयत्न केल्याचं प्रकरण. कर्णधार स्मिथने पुढे मान्य केलं की ड्रेसिंग रूममध्ये काहीतरी शिजतंय हे दिसत असूनही आपण थांबवलं नाही. त्याला नि वॉर्नरला वर्षाची बंदी, बॅनक्रॉफ्टला नऊ महिन्यांची. 'कसं केलंस ते मला नको' असं तुम्ही दडपणात म्हणत असाल, तर ते वाक्य आजच बंद करा.

चूक: दुसऱ्याच्या चुकीवर पहिला चेहरा

डिसेंबर २०२०, ऑस्ट्रेलियाचा दौरा. ॲडलेडला भारत ३६ धावांत गारद, कोहली मायदेशी, मेलबर्नला कप्तानी रहाणेकडे. रहाणे ११२ वर आणि जाडेजा ४९ वर असताना अर्धशतकासाठी जाडेजाने चोरटी धाव घेतली आणि धावचीत झाला तो रहाणे. अशा वेळी मागे वळून टाकलेली एक नजर पुरते. पुढचा आठवडाभर समोरचा माणूस तीच घोळवत बसतो. रहाणे तंबूकडे निघण्याआधी जाडेजापाशी गेला, त्याला थोपटलं, खेळत राहा म्हणून सांगितलं. जाडेजा ५७ पर्यंत गेला, भारताने सामना आठ गड्यांनी जिंकला.

पुढच्या वेळी कोणी तुमचं डील घालवून केबिनच्या दारात उभा राहील, तेव्हा हिशेब संध्याकाळी घ्या. त्या क्षणी त्याला एवढंच विचारा, की पुढचा फोन कोणाला करायचाय.