तांबट आळी, बुरूड आळीत फोटो काढायचेत तर

मी फोटोग्राफी शिकतेय आणि गेले काही महिने पुण्यात कसब्यात फिरून तिथल्या कारागिरांचं काम टिपतेय, तर नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी थोडं लिहिते. कसबा पेठ मुद्दाम निवडा, कारण कुंभारवाडा, बुरूड आळी, तांबट आळी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे, एका सकाळी माती, बांबू आणि तांबं तिन्ही बघून होतं.

पहिली गोष्ट, गेल्या गेल्या कॅमेरा काढू नका. आधी काम कुठल्या क्रमाने होतं ते बघा. तांबट आळीत पत्रा कापतात, आकार देतात, पण ठोकून ठोकून तांबं कडक होतं म्हणून मध्ये मध्ये भट्टीत तापवून नरम करावं लागतं, तापवलं की ते काळं पडतं, मग चिंचेने किंवा अ‍ॅसिडने घासून साफ करतात तेव्हा ते गुलाबीसर दिसतं, आणि शेवटी मठारकाम, म्हणजे हातोडीने एकाला एक लागून ठोके मारत पूर्ण भांडं फिरवायचं. ते नुसतं नक्षीसाठी नसतं बरं का, त्याने भांडं मजबूत होतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा फोटो कुठे होणार आहे ते आधीच कळतं आणि तुम्ही आधीच तिथे जाऊन थांबता. नाहीतर सगळ्यांचे फोटो सारखेच येतात, हातोडी वर धरलेली आणि काका कॅमेऱ्याकडे बघतायत.

परवानगी तोंडी पण स्पष्ट घ्या. काका, मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काढतेय, ऑनलाइन टाकले तर चालेल का, इतकं सरळ विचारायचं. चेहरा नको म्हणाले तर फक्त हातांचे फोटो काढा. खरं सांगायचं तर हातच जास्त बोलतात, बोटांची पकड, भांडं कुठे टेकवलंय, दुसरा हात ते किती फिरवतोय, या गोष्टी पुढे कुणाला हे काम समजून घ्यायचं असेल तर चेहऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील. ऑर्डरची घाई असेल तर त्या दिवशी सरळ परत या.

आता सेटिंग. फ्लॅश अजिबात नको, एक तर चकाकत्या धातूवर पांढरा डाग पडतो आणि दुसरं म्हणजे हातोडी चालू असताना माणूस दचकला तर बोटावर बसेल. दारातून येणारा उजेड वापरा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढवा, थोडं ग्रेन, म्हणजे फोटोत दाणे आले तरी चालतं. हातोडी थांबलेली हवी असेल तर शटर स्पीड १/५०० सेकंद किंवा त्याहून जास्त वेगवान, हालचाल दिसायला हवी तर १/३० आणि कोपर कुठेतरी टेकवा. जुन्या ट्यूबलाइट असतील तर फोटोत पट्टे येतात, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ आहे म्हणून १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याची मूळ फाइल, जिचा रंग नंतर दुरुस्त करता येतो) काढा, बाहेरचा निळसर उजेड आणि आतला पिवळा बल्ब एकत्र आला की तांब्याचा रंग हमखास बिघडतो, ग्रे कार्डचा, म्हणजे रंग जुळवायच्या करड्या कार्डाचा, एक फोटो आधी काढून ठेवा.

चकाकी हा इथला सगळ्यात मोठा त्रास. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, पाण्यावर, काचेवर चालतो तसा धातूवर फारसा चालत नाही. त्यापेक्षा काळा किंवा गडद शर्ट घालून जा कारण हंडा आरशासारखा तुम्हालाच दाखवतो, आणि बाजूला एक पांढरा थर्माकोल धरला की मठारलेले ठोके एकेक सुटे दिसायला लागतात.

कल्हई करताना दिसली तर बाकी सगळं सोडून तिथे उभे राहा!! भांडं तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, कथील लावून कापसाने फिरवलं की काही सेकंदात आतली बाजू चांदीसारखी होते. कथील २३२ अंशालाच वितळतं म्हणून सगळं भराभर होतं, त्यामुळे बर्स्ट मोडवर (एका दमात सलग फोटो) ठेवा, फोकस भांड्याच्या काठावर आधीच लॉक करा, आणि वाऱ्याने धूर जातो त्या दिशेला उभं राहू नका, घसा धरतो.

बुरूड आळीत उलटं, तिथे घाई नाही. कारागीर जमिनीवर बसून सुपं, टोपल्या, परड्या विणतात म्हणून तुम्हीही खाली बसा, उभ्याने काढलेले फोटो वरून डोकावल्यासारखे वाटतात. बांबू चिरतानाचा फोटो मात्र लांबूनच.

फोनवर आवाजही रेकॉर्ड करा, तांबट आळीतला ठोक्यांचा आवाज फोटोत येत नाही. निघताना हत्यारांची नावं विचारून वहीत लिहा, ती जशी बोलली जातात तशीच. घर आणि दुकान एकच असेल तर ऑनलाइन टाकताना फोटोतलं लोकेशन काढून टाका. पुढच्या वेळी ४ बाय ६ चे प्रिंट घेऊन जा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आणि हातात दिलेला फोटो यात खूप फरक पडतो. आणि कॅप्शन लिहून झाल्या की त्याच काकांना वाचून दाखवा, एखाद्या हत्याराचं नाव चुकलं असेल तर ते लगेच सांगतात आणि बऱ्याचदा त्या बोलण्यात अजून दोन नवीन नावं मिळतात.