पोत्यातून आलेली येझदी : जुनी मोटरसायकल जोडायला घेणाऱ्या नवशिक्यांसाठी

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मी रत्नागिरीत एका गॅरेजमध्ये कामाला लागलो, आणि स्वतःच्या जबाबदारीवर मिळालेली पहिली गाडी चार पोती, एक पत्र्याचा डबा आणि चाके काढलेली चेसिस अशा स्वरूपात माझ्यापुढे आली. भाट्ये गावातील एका गृहस्थांच्या वडिलांची ती १९७९ सालची येझदी २५०. कोणीतरी ती खोलली होती आणि ती तशीच पडवीत अकरा वर्षे पडून होती. या कामात मी जे शिकलो, आणि जे न केल्यामुळे माझे दोन महिने वाया गेले, ते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

आपण स्वतः खोललेली गाडी आणि दुसऱ्याने खोललेली गाडी यांत फार मोठे अंतर आहे. चालती गाडी आवाजातून, धुरातून, गळणाऱ्या तेलातून आपले दुखणे सांगत असते. सुटी झालेली गाडी मुकी असते, आणि ती का खोलली गेली हे सांगणारा माणूस बहुधा समोर नसतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी मालकाला, त्याच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा : बंद पडण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवसांत गाडी कशी वागत होती? मी हा प्रश्न विचारला नाही. ‘रंगकामासाठी खोलली होती’ एवढे उत्तर ऐकून मी समाधान मानले.

कागदपत्रे मात्र मी आधीच तपासली होती आणि ती प्रत्येकाने आधीच तपासावीत. इंजिनावरील व चेसिसवरील क्रमांक गंज हलक्या हाताने घासून वाचावेत आणि नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील तर एकही सुटा भाग विकत घेऊ नये. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत, परंतु ही गाडी त्यांत बसत नव्हती. तिला नेहमीच्या पद्धतीने फॉर्म २५ भरून, आरटीओत तपासणी करून घेऊन पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागणार होते.

नंतरचे आठ दिवस मी केवळ मांडणी केली. ताडपत्री अंथरून इंजिन, क्लच-गिअर, चाके, वायरिंग असे ढीग लावले, प्रत्येक वस्तू रॉकेलने धुतली आणि वहीत तीन रकाने पाडले : आहे, बदलायची आहे, नाही. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले असले तरी या गाड्यांचे पिस्टन, रिंगा, सील, क्लच प्लेटी आजही बाजारात मिळतात. मात्र त्यांचा दर्जा सारखा नसतो, त्यामुळे जुना भाग कितीही खराब दिसला तरी नवा हातात येऊन मोजून पाहिल्याशिवाय तो टाकून देऊ नये.

समुद्रकाठच्या गाडीचा गंज हा वेगळाच विषय आहे. खारा वारा स्पोकच्या निपलमध्ये, अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये रुतलेल्या लोखंडी स्क्रूंमध्ये, वायरच्या आवरणाच्या आतसुद्धा शिरतो. अडकलेल्या स्क्रूला जोर लावला तर त्याचे डोके तुटते. दोन दिवस डिझेल मुरू द्यावे, भोवतालचे अॅल्युमिनियम गरम करावे आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हरने फटका मारावा, म्हणजे तो सुटतो. पावसाळ्यात तर धुऊन पुसलेला सिलिंडर रात्रभर उघडा राहिला तरी सकाळी तांबूस झालेला दिसतो, म्हणून धुतल्याबरोबर टू-टी तेलाचा (टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचा) हात फिरवावा. रंगकाम दसऱ्याच्या आधी काढूच नये. दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती पॉलिशने जात नाही.

या टू-स्ट्रोक इंजिनाचे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिलिमीटर. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, उभा आणि आडवा, असा सहा ठिकाणी मोजला तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला तो लंबगोल झालेला आढळला. बोअरिंगसाठी (आतून कातून पुन्हा गोल करण्यासाठी) मी तो एसटीने कोल्हापूरला नेला. नवा ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठा) पिस्टन सोबतच नेला होता, कारण पिस्टन मोजून मग बोअर करायचे असते. रिंग बसवण्यापूर्वी ती एकटीच सिलिंडरमध्ये घालावी, पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने (पातळ पत्र्यांच्या मापकाने) मोजावी. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर प्रत्येक खाचेत एक बारीक पिन असते, आणि रिंगची दोन्ही टोके त्या पिनेला धरूनच बसली पाहिजेत. सिलिंडर खाली सरकवताना बोटांनी रिंगा दाबून धरायच्या. जरा जरी अडथळा जाणवला तरी थांबायचे, कारण रिंग तुटल्याचा आवाज फार हलका असतो. गजनपिनचे (पिस्टन व कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनेचे) सर्कलिप नवेच घ्यावेत आणि ते बसवताना क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवावे.

इंजिनाचा खालचा भाग पोत्यात जोडलेलाच होता. कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ नव्हता, क्रँक (पिस्टनची धाव फिरण्यात बदलणारा दांडा) हाताने मोकळा फिरत होता. मी त्यावर विश्वास ठेवला आणि तो उघडला नाही.

कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोके) साफ करण्यासाठी तार वापरू नये, भोक मोठे होते. मच्छीमार वापरतात त्या तंगुसाचा बारीक तुकडा या कामी उत्तम. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्क-टोकांची) फट ०.४ मिलिमीटर ठेवली, स्पार्क प्लगच्या भोकातून डायल गेज (काट्याचे सूक्ष्म मापक) सोडून पिस्टनची जागा मोजली आणि पॉइंट नेमके कोठे उघडतात ते बल्ब लावून पाहिले. वायरिंग पूर्ण नवे केले. त्यात सांगण्याजोगे एवढेच की चेसिसला नवा रंग दिल्यावर अर्थिंगच्या जागा खरवडून धातू उघडा करावा लागतो, अन्यथा हॉर्नपासून ठिणगीपर्यंत सगळेच अशक्त वाटते.

टाकीत प्रत्येक लिटर पेट्रोलमागे चाळीस मिलिलिटर तेल घातले. गिअरचा पाय आत दाबून वर फिरवला, म्हणजे तोच किकचा पाय झाला, आणि सातव्या किकला गाडी चालू झाली. मालकांच्या आई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तो आवाज त्यांनी ओळखला. परंतु दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येत राहिला, आणि पंधरा किलोमीटर चालवल्यावरही तो कमी झाला नाही. मी तेलाचे प्रमाण बदलले, जेट बदलला, पुन्हा टायमिंग (ठिणगीची वेळ) लावले. दीड महिना यातच गेला.

उत्तर मिळाले ते मिरकरवाडा बंदरावर. तेथे होड्यांची आउटबोर्ड इंजिने दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांना मी सगळे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “गिअरचं तेल मोजलंस काय?” मी मोजले नव्हते. मोजले तेव्हा ते बरेच कमी भरले. या इंजिनात डाव्या बाजूला क्लच, प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल असते. त्या बाजूचे क्रँक सील (क्रँकभोवतीची तेल-हवा अडवणारी रबरी कडी) कडक झाले की पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी ओढ निर्माण होते ती हेच तेल आत खेचते, आणि ते जळून पांढरा धूर होतो. उजवीकडचे, डायनामोच्या बाजूचे सील गेले तर तेलाऐवजी हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून धरतो (सिलिंडरमध्ये अडकतो). टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. तो हवाबंद नसेल तर वरची सगळी मोजमापे निरुपयोगी ठरतात.

काकांनी मला चाचणी शिकवली. इनटेकची आणि एक्झॉस्टची तोंडे रबर व पट्ट्या लावून बंद करायची, प्लगच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हचे अॅडॅप्टर बसवायचे, पंपाने सुमारे सहा पीएसआय दाब भरायचा आणि गेजचा काटा सहा मिनिटे हलतो का ते पाहायचे. आमचा काटा मिनिटभरही टिकला नाही. डायनामो काढून उजव्या सीलवर साबणाचे पाणी लावले तर तेथे बुडबुडा आला नाही, म्हणजे वारा डावीकडूनच जात होता. क्रँकवरील स्प्रॉकेट टेपरवर (निमुळत्या टोकावर) घट्ट बसलेले असते. ते पुलरनेच काढावे, हातोडीने नव्हे, कारण फटक्याने क्रँक वाकडा होतो. केसिंग वेगळे केले तेव्हा सील प्लॅस्टिकसारखे कडक झालेले होते आणि डाव्या मेन बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे होते. ओल आतपर्यंत पोहोचली होती.

क्रँक कोल्हापूरला पाठवून डायल गेजवर सरळ करून आणला. नवी बेअरिंगे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली आणि केसिंग पाण्याचा थेंब चुरचुरेल इतके गरम केले, तेव्हा ती हाताच्या दाबानेच जागेवर बसली. सीलच्या ओठांना ग्रीस लावून ती घातली आणि सिलिंडर बसवताच पुन्हा चाचणी घेतली. सहा मिनिटांनंतरही काटा जागेवर होता.

त्या वेळी मालकांच्या आईंना मी तो न विचारलेला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “बाळा, शेवटी शेवटी एवढा धूर करायची की हे गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद करायचे.”

गाडी आता चालते. पहिल्या फेरीनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, हेडचे नट पुन्हा टॉर्क रेंचने पाहिले. पाचशे किलोमीटरनंतर पॉइंटची फट पुन्हा मोजली, कारण नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला झिजते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा कार्ब्युरेटर रिकामा करायला मालकांना शिकवले आहे. गिअरच्या तेलाची पातळी ते दर महिन्याला स्वतः तपासतात आणि मला फोन करून सांगतात.