ऑइल फर्नेस पेटेना? लाल बटण एकदाच दाबा

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सकडे जुनं घर घेतलं की तळघरात अनेकदा तेलावर चालणारा, घर गरम ठेवणारा फर्नेसही पदरात पडतो. तो रुसतो नेमका कडाक्याच्या थंडीत.

आधी थर्मोस्टॅट, ब्रेकर आणि टाकीचा काटा बघा. जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचा स्विच असतो. दिव्याचा समजून पाहुणे तो हमखास बंद करतात!

सगळं ठीक असेल, तर बर्नरवरचं रीसेटचं लाल बटण दाबा. एकदाच. दर वेळी भट्टीत न जळलेलं तेल फवारलं जातं. ते साचून एकदम पेटलं, तर भडका उडून घरभर काजळी पसरते.

आता कान द्या. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? मोटर किंवा पंप जाम झालाय. फिरते, पण ज्योत नाही? तेल पोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. पेटून काही सेकंदांत विझते? मग ज्योत ओळखणारा ‘डोळा’, म्हणजे कॅड सेल, काजळलेला असू शकतो. वीज बंद करून मऊ कापडानं पुसा. ठिणगीच्या तारांना मात्र हात लावू नका, तिथे साधारण 10,000 व्होल्ट असतात.

टाकी रिकामी झाली असेल, तर नळीत हवा शिरते. पंपाच्या ब्लीड व्हॉल्व्हला, म्हणजे हवा काढायच्या झडपेला, पारदर्शक नळी लावून दुसरं टोक बाटलीत सोडा. मोटर चालू असताना व्हॉल्व्ह किंचित सैल करा आणि बुडबुडे थांबले की घट्ट बंद करा.

सुट्या भागांत लोक फसतात ते नॉझलला, म्हणजे तेल फवारणाऱ्या तोटीला. त्यावर ‘0.85 80° बी’ असं काही कोरलेलं असतं: ताशी गॅलन, फवाऱ्याचा कोन आणि प्रकार. पण हे 0.85 मोजलेलं असतं 100 पीएसआय दाबाला. पंप 140 वर असेल, तर तेच नॉझल ताशी जवळपास 1 गॅलन तेल सोडतं. म्हणून जुनं नॉझल दाखवून नवं आणू नका, आधीच्या कुणी चुकीचं बसवलेलं असेल तर? फर्नेसवरच्या माहितीच्या पट्टीवरचे आकडे घ्या. तुंबलेलं नॉझल तारेनं कोरायचं नाही, बदलायचं. तेलाचा फिल्टरही त्याच वेळी बदला.

मोटर घेताना मिनिटाचे फेरे जुळवा: जुन्या 1,725, नंतरच्या 3,450. पंपाची फिरण्याची दिशाही बघा.

नॉझल बदलल्यावर हवेचं प्रमाण टेक्निशियनकडून यंत्रावर मोजून घ्या. ज्योतीच्या रंगावरून ते कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर दुरुस्ती सोडून आधी सगळ्यांना घराबाहेर काढा आणि 911 ला फोन करा.